सोनमोहराची पानं आणि सडलेला पत्रा

ब्रेकवर पाय ठेवला की टाच जिथे टेकते तिथलं मॅटिंग खाली दबतंय, हे मला विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली कळलं. ठाण्याला रविवार दुपारचं नाटक होतं, पुढची रांग हलत नव्हती. टाच जरा दाबून पाहिली, तर खाली घट्ट असं काही लागेचना. नाटकात माझं लक्ष लागलं नाही. घरी आल्यावर गाडी लावली तिथेच मॅटिंग उचललं. त्याखालचा डांबरी थर हाताने सुटून आला आणि त्याला चिकटून पत्र्याचे पापुद्रेही आले. राहिलं ते भोक. तीन बोटं आरपार जातील एवढं. त्यातून खालचे पेव्हर ब्लॉक दिसत होते आणि त्यावर पडलेली पिवळी पाकळीसुद्धा.

मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की काय होतं, ते दरवर्षी फळ्यावर लिहिलं. तेच माझ्या पायाखाली किती वर्षं चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. दार उघडं ठेवून मी तशीच सीटच्या कडेवर बसून राहिले.

ही मारुती ८०० मी ऑक्टोबर १९९७ मध्ये घेतली. लाल रंग, एमएच-०४ची पाटी. कर्ज शिक्षकांच्या पतपेढीचं, माझ्या एकटीच्या नावावर, आणि आरसी बुकावरही माझंच नाव. आमच्या कॉलनीत तेव्हा ही सांगण्यासारखी गोष्ट होती आणि मला ती आजही सांगावीशी वाटते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटर, चार गिअर. रस्त्यात तिने मला कधी टाकलं नाही. कंपनीने २०१४ मध्ये हे मॉडेल बंद केलं, तरी इंजिनाचे सुटे भाग अजून सहज मिळतात. माझा मेकॅनिक गेली दहा वर्षं एकच सांगतोय : ही गाडी जाईल तर पत्र्याने जाईल.

पत्र्याचं काम आधी एकदा झालं होतं. २०२२ च्या ऑक्टोबरात गाडीला पंचवीस वर्षं झाली आणि आरसीचं नूतनीकरण आलं. त्याच एप्रिलपासून मोटारीची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, ती भरली. पासिंगला नेण्याआधी दाराखालचे फोड काढून घ्यावेत म्हणून एका गॅरेजला गाडी दिली. दोन दिवसांत परत मिळाली. फोड गायब, रंग चकचकीत, आणि खालून सगळीकडे जाड काळं कोटिंग. मी समाधानाने पैसे दिले. २०२३ चा पावसाळा गेला आणि त्याच जागी रंगाखाली मसुराएवढे फोड दिसू लागले. २०२४ च्या पावसाळ्यानंतर ते फुटले आणि त्यातून तपकिरी पाणी ओघळायला लागलं.

ऐरोलीत गाडी सडली की सगळे खाडीकडे बोट दाखवतात. आमच्या घरापासून तिवरं लांब नाहीत आणि भरतीला वारा फिरला की खारट वास गॅलरीपर्यंत येतो. मीठ एकटं लोखंडाला गंजवत नाही, पण पाण्यात मीठ असलं की त्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. शिवाय आमच्या गाडीच्या इतिहासात २६ जुलै २००५ आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो दिवस. गाडी कळव्यात उभी होती आणि पाणी सीटला लागलं होतं. तेव्हा खाडीचा वारा आणि सव्वीस जुलै, या दोघांना मी मनात केव्हाच दोषी ठरवून टाकलं होतं.

ते चुकीचं होतं, हे मला दिघ्याच्या मिस्त्रींनी दाखवलं.

मिस्त्री मूळचे पाटणकडचे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आत एका शेडमध्ये डेंटिंगचं काम करतात. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे ते मला बाई म्हणतात. त्यांनी आधी गाडीला हात लावला नाही. खाली बसले, छोटी हातोडी घेतली आणि उजव्या बाजूने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके हलके ठोकत गेले. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मग डावीकडे तेच. डावी बाजू मागच्या चाकापर्यंत जवळजवळ सगळी खणखणली.

"बाई, गाडी लावता कुठं?"

"बिल्डिंगच्या बाहेर, झाडाखाली. का?"

"खारा वारा दोन्ही अंगाला लागतो की. मग उजवीच का गेली?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. सव्वीस जुलैचं पाणीही दोन्ही बाजूंना सारखंच होतं. प्रयोगात दोन बाजूंची परिस्थिती सारखी आणि निष्पत्ती वेगळी आली, तर कारण दुसरीकडे शोधायचं, हे मी मुलांना शिकवत आले. आमच्या गल्लीतला रस्ता गटाराकडे उतरता आहे. गाडी रोज त्याच जागी, उजवी चाकं उताराकडे करून उभी असते आणि वर सोनमोहर. नवी मुंबईत रस्त्याकडेला तो भरपूर लावलेला आहे. उन्हाळ्यात फुलांचा पिवळा सडा पडतो. त्याची पानं मात्र अगदी बारीक, तांदळापेक्षा थोडी मोठी. समोरच्या काचेखाली वायपरच्या मुळाशी जी जाळी असते, तिच्या फटीतून ती आरामात आत जातात.

उजवं पुढचं मडगार्ड या गाडीत बोल्टने बसवलेलं असतं, त्यामुळे ते काढता येतं. बोल्टांवर आदल्या संध्याकाळी डिझेल सोडून ठेवलं होतं, तरी दोघांची डोकी तुटली. मडगार्ड बाजूला झालं आणि दाराच्या खांबाच्या पुढे, रनिंग बोर्ड (दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी) जिथे सुरू होतं त्या कोपऱ्यात, काळ्या मातीचा एक घट्ट लादा दिसला. सगळी सोनमोहराची पानं, कुजून मऊ झालेली, धुळीत कालवलेली. मी तो लादा पिशवीत घालून घरी नेला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं १ किलो ८५० ग्रॅम. वर्तमानपत्रावर पसरून गॅलरीत चार दिवस वाळवला आणि पुन्हा तोलला : १ किलो १०० ग्रॅम. पाऊस थांबून दीड महिना उलटला होता, तरी पाऊण किलो पाणी त्या कोपऱ्यात पत्र्याला बिलगून बसलं होतं.

पण हे झालं रनिंग बोर्डचं. माझ्या टाचेखालचा फ्लोअर तर आत आहे. तिथे पाणी कसं पोचलं? यासाठी मी घरातलं पोटॅशियम परमँगनेट नेलं. बादलीभर पाण्यात चार स्फटिक टाकले की पाणी गर्द गुलाबी होतं. मिस्त्रींचा पोऱ्या टॉर्च घेऊन पायाच्या जागेत पालथा झोपला आणि मी मगाने काचेखालच्या जाळीवर ते पाणी ओतत गेले. पहिल्या तीन मगांना काहीच नाही. चौथ्याला तो आतून ओरडला, "आलं, गुलाबी आलं!" ॲक्सिलरेटरच्या मागे, वर कोपऱ्यात, पत्र्याच्या जोडावरचं सीलंट तडकलं होतं. खाली पानांचा बोळा बसल्यामुळे पाण्याला बाहेरची वाट नव्हती. ते आत साठत साठत त्या तड्यापर्यंत चढायचं आणि मॅटिंगखाली उतरायचं. मॅटिंग वरून वाळलेलं दिसायचं, खालचा फेल्ट मात्र कायम ओला. तो क्षण मला शिक्षक म्हणून मिळालेल्या चांगल्या क्षणांपैकी एक वाटतो. पोऱ्याने त्यानंतर डाव्या बाजूलाही स्वतः पाणी ओतून पाहिलं. तिथे एक थेंबही आत आला नाही.

इथे एक गोष्ट सांगते, कारण मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बारावीला आम्ही एक प्रयोग दाखवायचो. अगर-अगरच्या गरम द्रावणात थोडं मीठ, फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड घालायचं, त्यात लोखंडी खिळा ठेवायचा आणि गोठू द्यायचं. दुसऱ्या दिवशी खिळ्याचं डोकं आणि टोक निळं झालेलं असतं, मधला भाग गुलाबी. निळं म्हणजे तिथून लोखंड विरघळतंय. डोकं आणि टोक ठोकून घडवलेलं असतं, धातूवर ताण असतो, म्हणून तिथून सुरुवात. खिळा वाकवला तर वाकलेल्या जागीही निळं होतं. मोटारीचा पत्रा तर सगळा दाबून, वाकवून, दुमडून केलेला. आणि चिखलाखाली आणखी एक प्रकार चालतो. चिखलाने झाकलेल्या जागी प्राणवायू कमी पोचतो, उघड्या कडेला जास्त. मग कमी प्राणवायूची जागा विरघळते आणि उघडी जागा वाचते. म्हणून वरून पत्रा ठीक दिसतो आणि चिखल खरवडला की खाली चाळण निघते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की जोड आतून फुगवून उचकटतो. दाराखालचे माझे ते मसूर म्हणजे बाहेरून आलेला गंज नव्हताच. तो आतून बाहेर पडत होता.

मिस्त्रींनी ग्राइंडर लावायच्या आधी लोहचुंबक मागितलं. माझ्या पर्समध्ये होतंच. पातळ फडक्यात गुंडाळून ते रनिंग बोर्डवरून फिरवलं. पुढचा वीतभर भाग सोडला तर ते कुठे धरेचना. २०२२ चं काम उघडलं तेव्हा वर जवळजवळ सेंटिमीटरभर जाडीची लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, तिच्या खाली फायबरची जाळी आणि जाळीला आधार म्हणून आत कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा निघाला. बोळा ओला होता. आणि ज्या काळ्या कोटिंगवर मी समाधान मानलं होतं, त्याने रनिंग बोर्डच्या तळाची, पाणी निथळायला कंपनीने ठेवलेली सगळी भोकं बुजवली होती. या कामावर मी आजही नाराज आहे. पैसे गेले त्यापेक्षा, त्या कोटिंगखाली गाडी दोन वर्षं वेगाने सडत राहिली आणि मला ती सुरक्षित वाटत राहिली, हे मला जास्त लागलं. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने खिशात चुंबक ठेवावं. बारा रुपयांचं मिळतं.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. फ्लोअर, रनिंग बोर्ड, खांब आणि छत मिळूनच सांगाडा होतो. रनिंग बोर्ड कापलं की गाडी मधे वाकू शकते आणि मग दारं लागत नाहीत. म्हणून गाडी समपातळीत चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवली. दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल तिरपा टॅक केला, म्हणजे दोन-चार टाक्यांनी तात्पुरता जोडला. त्याआधी दारं बंद करून चारही बाजूंच्या फटी पट्टीने मोजल्या आणि मी त्या खडूने छतावर लिहून ठेवल्या. बॅटरी उतरवली, सीट काढल्या, फ्लोअरखालून जाणारी पेट्रोलची नळी सोडवून लांब बांधली. वाळूची बादली आणि ओलं गोणपाट हाताशी. वेल्डिंगची ठिणगी डांबरी थरावर पडली तर तो धुमसत राहतो, म्हणून तो थर पोऱ्याने दोन दिवस पत्रीने खरवडून काढला. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम ते.

कापण्याबद्दल मिस्त्रींचा नियम सरळ आहे. डिस्कखाली पत्रा चांदीसारखा चमकला की तिथून अजून एक इंच पुढे जायचं आणि तिथे कापायचं. मला जीव तोडल्यासारखं वाटत होतं. भोक तीन बोटांचं होतं, कापून काढलेला तुकडा परातीएवढा झाला. "बाई, सडक्याला चांगला पत्रा जोडला तर टाका धरणार कशाला?" ते म्हणाले. तेही खरंच. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरतच नाही, नुसतं भोक मोठं होत जातं.

नवीन पत्रा २० गेजचा, सीआर (थंड लाटलेली) शीट, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर जाड. तयार रनिंग बोर्डही बाजारात मिळतं, पण मिस्त्रींनी ते हातात घेऊन वाकवून पाहिलं आणि परत केलं. मी विचारलं, जस्ताचा थर असलेला जीआय पत्रा का नको? ते म्हणाले, जीआय वेल्ड केला की पांढरा धूर होतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो, एकदा भोगलंय. त्यांनी सांगितलं ते अगदी बरोबर आहे. तो झिंक ऑक्साइडचा धूर, आणि त्याने येणारा ताप वैद्यकशास्त्राला माहीत आहे. त्यांना नाव माहीत नव्हतं, मी कधी तो ताप पाहिला नव्हता. त्या दिवशी शेडमध्ये चहा पिताना आम्ही दोघं यावर बराच वेळ बोललो.

मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा कापला, तो पत्र्यावर ठेवून आखलं. तुकड्याचे कोपरे गोल ठेवले, कारण टोकदार कोपऱ्यातून पुढे चीर जाते. सपाट पत्रा फ्लोअरला लावला तर तो चालताना डब्यासारखा वाजतो, म्हणून मूळ फ्लोअरवर जसे लांबट उभार असतात तसे दोन उभार मिस्त्रींनी डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) खाली धरून हातोडीने काढले. हे काम बघत राहावं असं आहे. घाव मोठा नाही, मनगटातून. दर चार-पाच घावांनी पत्रा उचलून उजेडाकडे धरायचा.

वेल्डिंग सीओटूने, म्हणजे विजेच्या ठिणगीने, भोवती कार्बन डायऑक्साइड सोडत. गॅसने केलं तर उष्णता फार पसरते, पत्रा ओढला जातो आणि मागच्या बाजूचा रंग लांबपर्यंत जळतो. सीओटूनेही सरळ रेघ ओढायची नाही. इथे एक टाका, मग वीतभर सोडून दुसरा, मग पलीकडच्या कडेला तिसरा, आणि मधे मधे हात लावून पाहायचं. घाई झाली की पत्रा फुगतो आणि मग दाबला की टक्-टक् वाजत राहतो. कंपनीत जिथे स्पॉट वेल्डिंग होतं, तिथे वरच्या पत्र्याला छिद्रं पाडून ती वेल्डने भरली. जोडाच्या दोन पत्र्यांमध्ये आधी जस्ताचा प्रायमर. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, तोवर लोखंड वाचतं. तीन दिवसांनी अँगल काढला, दार लावलं आणि छतावरच्या खडूच्या आकड्यांशी फटी ताडून पाहिल्या. सगळ्यात जास्त फरक एक मिलिमीटरचा होता.

आतल्या पोकळीत जिथे ग्राइंडर पोचत नाही, तिथे फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर फवारलं. त्याने गंजाचं आयर्न फॉस्फेट होतं, तपकिरी रंग जाऊन काळसर करडा थर बसतो. मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे, त्यात त्याच्या लोखंडातल्या फॉस्फरसचा आणि त्यामुळे तयार झालेल्या फॉस्फेटच्या थराचा मोठा वाटा आहे. हे मी पोऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने फवारणी जरा जास्तच मन लावून केली. हातमोजे मात्र मी सक्तीने घालायला लावले.

उघडा पत्रा इथल्या हवेत रात्रभरही ठेवायचा नाही. सकाळी त्यावर नारिंगी झाक येते, डिसेंबरातसुद्धा. म्हणून त्याच संध्याकाळी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलंट. लांबी त्याच्यावर, आणि ती फक्त घावांचे खड्डे झाकण्यापुरती, फार तर दोन मिलिमीटर. ती पाणी पिते, म्हणून घासायची कोरड्या पेपरने. पाणी लावून घासायचा वॉटर पेपर नंतर, सरफेसर (रंगाआधीचा हात) मारल्यावर. रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सत्तावीस वर्षं उन्हात उतरलेला लाल रंग डब्यात मिळत नाही. दारांच्या कडेपाशी जुना-नवा लाल वेगळा कळतो आणि मी तो तसाच राहू दिला.

शेवटी रनिंग बोर्डच्या पोटात लांब नळीच्या गनने पातळ मेणासारखं अँटीरस्ट सोडलं. वेल्डिंगने आतल्या बाजूचा सगळा रंग जळालेला असतो. बाहेरून कितीही रंगवा, आत हे केलं नाही तर पुन्हा तिथूनच सुरुवात होते. ते वाळल्यावर मिस्त्रींनी तळाचं प्रत्येक भोक तारेने मोकळं केलं आणि मला खाली वाकून बघायला लावलं. काचेखालच्या जाळीला आतून डासांची बारीक जाळी लावली. ती माझी कल्पना.

पत्र्याचं साडेसतरा हजार, रंगाचं अकरा. पुण्याहून मुलाचा फोन आला : "आई, एवढ्यात तुला अशीच दुसरी येईल गं." येईल. पण तिच्या रनिंग बोर्डमध्ये कुठल्या सालचं वर्तमानपत्र आहे ते मला माहीत नसेल. या गाडीचा उजवा अर्धा भाग आता मला आतून माहीत आहे.

गाडी उभी करायची जागा बदलायला मिळाली नाही, पण आता मी तिचं तोंड उलटं करून लावते, म्हणजे उताराकडे चांगली डावी बाजू येते, आणि महिन्याने पुन्हा फिरवते. रविवारी सकाळी जाळीवरची पानं ब्रशने काढते. २०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला. पहिल्या मोठ्या सरीत मी छत्री घेऊन खाली गेले, टॉर्च लावून गाडीखाली पाहिलं. रनिंग बोर्डच्या भोकांतून पाण्याची बारीक धार पेव्हर ब्लॉकवर पडत होती. मग दार उघडून मॅटिंगखाली हात घातला. फेल्ट कोरडा होता.

मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर एक फोड दिसतोय, हरभऱ्याएवढा. चुंबक तिथे धरतंय. मिस्त्रींनी गणपतीनंतरची वेळ दिलीय.